अंधेरपालचा चौथा भाग

चि. हिरामण,

चौथा भाग अजून आलेला नाही. सोनिवली म्हणजे काही काशी नव्हे. पालेगावातून स्कूटर काढलीस तर जाऊन येऊन दुपारच्या जेवणाला घरी असशील. जिज्ञासा घरीच असते, मी विचारलंय. आणि ‘शेवटी तो मुखवटा काढतो का, एवढंच सांगा काकू’ असले मेसेज मला पाठवू नकोस. सांगणार नाही. आधी चौथा, मग सहावा.

कर्णिककाकू, बी विंग

हा मेसेज हिरामण भोईरने अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या कंपनीत, बॉयलरसमोर उभं राहून वाचला आणि उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. काही करायचं नसलं की तो जोडलेले हातच पाठवतो.

हिरामण बॉयलर सांभाळतो. आज ज्या सोसायटीत तो राहतो, तिच्या पार्किंगच्या जागी त्याच्या बापाचं भाताचं खाचर होतं. माणूस सरळ, देवभोळा, कुणाच्या अध्यात नाही. एकच खोड. पोरवयापासून उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून चित्रकथांची पुस्तकं आणायची आणि माळ्यावर रचायची. त्यातही जीव अडकलेला एकात, ‘अंधेरपाल’मध्ये. हिंदी मालिका, सहा भाग, सगळी काळीकुट्ट. नायक मुखवटा घालून रात्री गच्च्यांवरून फिरतो, गुंडांची हाडं मोडतो, कुणाशी धड बोलत नाही आणि हसणं तर त्याच्या कुंडलीतच नाही. पाचव्या भागाच्या शेवटच्या चित्रात तो स्वतःच्या आईसमोर उभा आहे, हात मुखवट्याला. पुढे काय? ते सहाव्यात. आणि सहावा हिरामणला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

या संक्रांतीच्या तोंडावर रद्दीवाल्याचा फोन आला. “साईं, तेरा आखरीवाला आ गया.” हिरामणने तो आणला आणि उघडलासुद्धा नाही. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून पहिल्यापासून वाचायला बसायचं, म्हणजे शेवट मानाने येईल, असा त्याचा बेत. सहाही भाग नव्या पिशव्यांत घालून माळ्यावर ठेवले आणि सेकंड शिफ्टला गेला. परत आला तेव्हा माळा रिकामा. घरात हळदीकुंकू होऊन गेलं होतं.

“पुस्तकां गेली कुठं?” त्याने बायकोला विचारलं.

“वान दिला,” रखमा म्हणाली. “गेल्या साली पिलास्टिकचं डबं दिलं तं बायांनी तोंडां वाकडी केली. औंदा तिलगूल आनि पुस्तक. सगल्या खूश.”

“अगो, ती मोठ्या मानसांची होती!”

“पँटीवरशी चड्डी घातलेला मानूस हाय पुस्तकावर. मोठ्या मानसांची कशी?”

“परत आन.”

“दिलेला वान मागू? आनि तुमी मागलात तं माज्या हातचा जेवान इसरा.”

इथे हिरामणची दांडी गुल झाली. सवाष्णीच्या ओटीत पडलेलं वाण परत मागणं म्हणजे बायकोची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. पण सहावा भाग कुणाकडे गेला हे निदान बघायला काय हरकत आहे? तो सोसायटीच्या कमिटीवर होता. ‘बाथरूमची गळती तपासायला आलोय’ म्हणत तो दारोदार निघाला.

मीनलताईंकडे पहिला भाग निघाला. त्यांनी छताकडे बघूही दिलं नाही. “भाऊजी, तुमचा हा माणूस गटारातून काय चालतो, रक्तात काय लोळतो. तो झगा धुतं कोण? अख्ख्या पुस्तकात दोरीवर एक कपडा वाळत घातलेला नाही.”

हिरामणने इतकी वर्षं ते पुस्तक वाचलं होतं, पण ही बाजू त्याच्या ध्यानात आली नव्हती. “रातचा सुकत आसंल,” तो म्हणाला.

“रात्री तर तो घालून हिंडतो!”

दुसरा भाग त्याच्या चुलतवहिनीकडे, तुळशीकडे. ती तर तापलेलीच होती. “हिरो बोलतं याला? पाकीटमार पोरांना बुकलतंय. बिल्डरचे हापिसावरशी दोनदा उडी मारून गेला, आत नाय गेला. आपले बापाचे जमिनीच्या टायमाला असाच एक पुढारी होता.”

पाचवा रिद्धीकडे. नवीन लग्न झालेली मुलगी, आयटीतली. “अंकल, ड्रॉइंग एकदम भारी, बट इतना डार्क! मी लाइट चालू ठेवून झोपले. त्याला ना, कोणाशी तरी बोलायला पाहिजे. सारा प्रॉब्लेम वही है. पहिल्याच पानावर आईला फोन केला असता तर पाच भाग वाचले असते.”

आजवर अंधेरपालबद्दल हिरामणचं मत एकट्या हिरामणला ठाऊक होतं. आता सगळ्या विंगला मत होतं, आणि प्रत्येक मत त्याला लागत होतं. तो जिन्यात थांबून भांडायला लागला. गळती राहिली बाजूला.

सहावा शेवटी कर्णिककाकूंकडे निघाला. काकू बी.एस्सी., रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या. नवरा वारल्यापासून त्या हळदीकुंकवाला हटकून जातात, पुढच्या खुर्चीत बसतात आणि वाण मागून घेतात. कुणाची बोलायची छाती होत नाही.

“ये. माझ्याकडे काही गळत नाही,” त्यांनी दारातच सांगितलं. “पुस्तक हवंय ना तुला? फ्रिजवर आहे. हात लावायचा नाही.”

“कसा हाय शेवट?”

“ठीक आहे. तुला आवडणार नाही.”

“का?”

“ते सांगितलं म्हणजे शेवट सांगितल्यासारखंच. आता मी विचारते ते सांग. बायकांकडून मी बाकीचे भाग आणून वाचले. तिसऱ्यात याच्या डाव्या हाताला पाच बोटं, पाचव्यात चार. एक गेलं कुठे?”

“चौथ्यात जातंय.”

“कसं?”

हिरामणने फ्रिजकडे बघितलं. “तुमी शेवट नाय सांगत, मंग मी बोट नाय सांगत.”

काकू खूश झाल्या. असा माणूस त्यांना आवडतो. चौथा जिज्ञासाकडे गेला होता आणि ती संक्रांतीनंतर सोनिवलीच्या नव्या घरी राहायला गेली होती. तिथून हिरामणने चौथा आणायचा, काकूंनी सहावा वाचायला द्यायचा. जिज्ञासाची ना नव्हती. वाचायला मागितलं तर वाणाचा अपमान होत नाही, असा निकाल खुद्द रखमाने दिला.

पहिल्या रविवारी शिफ्ट बदलली. मग होळी आली. मग स्कूटरचं टायर बसलं. मात्र दर रविवारी संध्याकाळी हिरामण काकूंकडे चहाला हजर.

“तो मुखवटा लाजेखातर घालतो,” काकू म्हणायच्या.

“लाज नाय, सवय. मी पन घरी गेल्यावर हेल्मेट काढायला इसरतंय.”

“तुझं डोकं तसंच आहे. त्याचं तसं नाही.”

जूनमध्ये एकदा तो खरंच गेला. जिज्ञासाच्या इमारतीखाली स्कूटर उभी केली आणि तिच्यावरच बसून राहिला. ‘तुला आवडणार नाही.’ बॉयलरसमोरच्या पाळ्यांमध्ये त्याने त्या आईला किती तऱ्हांनी बोलतं केलं होतं! एकदा ती मुलाला ओळखते, एकदा ओळखत नाही, एकदा काही न बोलता ताटात भात आणि बोंबलाचं कालवण वाढते. हा शेवट त्याचा सगळ्यांत लाडका. सहाव्यात भात नसला तर? त्याने स्कूटर वळवली आणि बदलापूरच्या रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून जांभळं घेतली.

“जिज्ञासा घरी नव्हती, काकू. कुलूप होता.”

काकूंना तासाभरापूर्वीच जिज्ञासाचा फोन आला होता. हिरामणभाऊ खाली बसलेले दिसले, गॅलरीतून हाक मारेपर्यंत गेलेसुद्धा. बुधवारी मी अंबरनाथला येतेय, पुस्तक टाकू का तुमच्याकडे? काकूंनी तिला सांगितलं होतं, अजिबात नको, हिरामण येईल घ्यायला.

“कुलूप होतं?” काकूंनी विचारलं.

“मोठा.”

काकूंनी एक जांभूळ तोंडात टाकलं, बी बशीत काढली आणि फ्रिजवरच्या पुस्तकाची धूळ पदराने पुसली.

“बरं. मग पुढच्या रविवारी जा,” त्या म्हणाल्या. “आता बस, आणि सांग, त्या आईने त्याला आवाजावरून ओळखलं का नाही?”