आईचा उजवा हात

बहात्तर सालच्या जुलैत आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. नगरच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, "घरी न्या, सेवा करा." मी तेव्हा पारनेरला शाळेत शिकवत होते. घरात आम्ही दोघीच.

आमच्या आळीत एक निवृत्त हवालदार राहायचे. बासष्टच्या लढाईत ते चिन्यांच्या हाती सापडले होते. बर्फानं बधिर झालेल्या त्यांच्या पायात कैदेतल्या एका चिनी डॉक्टरनं बारीक सुया टोचल्या आणि पायात पुन्हा जीव आला, हे ते सगळ्यांना सांगत. "अंगात एक शक्ती वाहती म्हनं. ती लोकं तिला 'ची' म्हनत्यात. ती तुंबली की अंग मरतं. वाट मोकळी केली की झालं."

एरवी मी हसले असते. आता थेट त्यांच्या दारात गेले. "माझ्या आईला करा ना तेवढं."

"बाई, मी सुया टोचून घेतल्यात. टोचल्या न्हाईत कदी."

"मग नुसतं दाबून बघा."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. माझ्या मागोमाग घरी आले. आईच्या अंगठ्याजवळच्या बेचक्यात दाबायचे, मग मनगटाशी, मग कोपराशी. मी शाळेतून आले की ते रोज यायचे. महिना होत आला, हात होता तसाच लुळा. पण पाच वाजले की आईची नजर दाराकडे लागायची.

एका संध्याकाळी त्यांनी मला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"बाई, कुठं दाबायचं ते मला म्हाईतच न्हाई. त्यानं सुया पायात टोचल्या, हाताचं मला काय ठावं? तुमी एवढ्या आशेनं आला, माझ्याच्यानं न्हाई म्हनवलं न्हाई."

मला राग यायला हवा होता. "तरी येत जा," मी म्हणाले. "तिला बरं वाटतं."

"मावशीकडं बघवत न्हाई आता."

ते पुन्हा आले नाहीत. ते लेकीकडे गेलेत, असं मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मीच तिचा हात दाबायला बसले. तिनं डाव्या हातानं माझी बोटं बाजूला सारली. रोज मी बसायचे, रोज ती सारायची.

दिवाळीआधी ती गेली. खांदा द्यायला हवालदार सगळ्यांच्या आधी आले.