चावी कुणाची?

बैलगाडा शर्यतींचं निवेदन करणारा एक माणूस आमच्या मागच्या गल्लीत राहतो. माईक हातात आला की तो असं काही बोलतो, की बैलांतलं ओ का ठो न कळणारी माझ्यासारखी बाईही टाचा उंचावून शर्यतीच्या घाटाकडे बघायला लागते. हा माणूस महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा आमच्या सोसायटीतले लोक हसले. गावातले हसले नाहीत.

मी मूळची पेठेतली. आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मांजरी गावाच्या पुढे, नव्यानेच महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावात फ्लॅट घेतला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला टॉवर. इथलं जवळजवळ सगळं एकाच माणसाचं होतं. पतसंस्था त्याची, शाळा त्याची, टॉवर त्याचे, पाण्याचे टँकरही त्याचेच. सगळे त्याला नुसतं शेठ म्हणत. सरकार कुठल्याही पक्षाचं येवो, त्या पक्षाच्या व्यासपीठावर शेठची खुर्ची असायची. गावाच्या पाण्याच्या टाकीला जागा त्यानेच दिली होती, त्यामुळे फाटकाची चावी त्याच्या ऑफिसात आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूसही त्याचाच. पाणी आधी टॉवरना जायचं. गावठाणात नळाला नुसती हवा यायची, मग लोक शेठचाच टँकर मागवायचे.

निवेदकाची पहिली सभा मारुतीच्या देवळासमोर झाली. मी गंमत म्हणून गेले होते.

"टाकी कुणाची?" तो ओरडला.

"आपली!"

"पाणी कुणाचं?"

"आपलं!"

"मग चावी कुणाची?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. जे प्रत्येकाला ठाऊक होतं, ते त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी चारचौघांत बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणी चालवणारी बाई माझ्याहून बरीच लहान, पण सगळं गाव तिला वहिनी म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

"वहिनी, हा माणूस उद्या गावाला समुद्रही आणून देईन म्हणेल," मी म्हटलं.

"म्हणू द्या की बाई," ती पीठ झाडत म्हणाली. "हितं बायका बोलत बसतात. शेठचं नाव निघालं की आवाज खाली यायचा. कालपासनं येत न्हाय. मला तेवढं पुष्कळ हाय."

तिचं म्हणणं मला पटलं, पण धास्ती गेली नाही. कुणी शंका काढली की निवेदक माईकवरून म्हणायचा, "ह्याला शेठनं पाठवलंय." शंका काढणारा खाली बसायचा. एका सभेत मीच उठले.

"भाऊ, तुम्ही निवडून आल्यावर चावी कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडं! म्हंजे तुमच्याकडंच की बाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला ते उत्तर खुपलं. वर्गात मी याच वाक्याबद्दल तासन्‌तास बोलले होते. तरी मत मी त्यालाच दिलं. समोर शेठची सून उभी होती. तिला मत देणं म्हणजे आहे ते चालू दे म्हणणं.

तो निवडून आला. गुलाल उधळत त्याने सगळ्यांदेखत टाकीचं कुलूप तोडलं आणि गावठाणात धो धो पाणी आलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मग त्याने नवं कुलूप लावलं. त्याची चावी त्याच्या खिशात गेली आणि पाणी पुन्हा हळूहळू टॉवरकडे वळलं. दिवाळीच्या आत चौकात फ्लेक्स लागला: शेठ आणि तो शेजारी-शेजारी, हात जोडून, खाली "विकासासाठी एकत्र".

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज सुरू झाले. "आम्ही सांगत होतो. सगळे सारखेच." फ्लेक्सपेक्षा मला या वाक्याचा राग आला. हे म्हणायचं आणि दार लावून टीव्हीसमोर बसायचं. शेठला आणखी काय हवं?

काही दिवसांनी भर दुपारी वहिनी आली. गिरणी बंद करून आली होती.

"बाई, चला. स्वागत कमानीचं उद्घाटन हाय. दोघंबी स्टेजवर हायती."

गावातल्या बऱ्याच बायका आधीच पुढच्या, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या होत्या. निवेदकाने माईक घेतला आणि "माझ्या मायबापांनो" म्हणतोय तोच वहिनी उभी राहिली. तिला माईकची गरज नव्हती, गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय.

"टाकी कुणाची?"

"आपली!" बायका ओरडल्या.

"पाणी कुणाचं?"

"आपलं!" आता मागचे पुरुषही ओरडले.

"चावी कुणाची?"

निवेदक कसनुसा हसला. "वहिनी, कार्यक्रम झाल्यावर बसून बोलू."

"आत्ता!"

शेठने त्याच्या हातातला माईक घेतला. "या बाईंना कुणीतरी पाठवलंय."

"आम्ही पाठवलंय!" मी ओरडले. इतक्या वर्षांत वर्गातही मी आवाज चढवला नव्हता. पाठोपाठ सगळा मांडव तेच ओरडायला लागला. शेठ खाली बसला. निवेदक नुसता उभा राहिला.

चावी आम्ही मागितली नाही. टाकीवर महापालिकेचा माणूस हवा आणि पाण्याच्या वेळा फाटकावर लिहिलेल्या हव्यात, एवढंच मागितलं. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात आम्ही इतक्या खेपा घातल्या की शिपाई आमच्यासाठी आपणहून बाकडं ओढायला लागला. अखेर माणूस आला. आता गावठाणात एक दिवसाआड पाणी येतं. टँकर सगळे बंद झालेले नाहीत, आणि शेठही कुठे गेलेला नाही. वहिनीच्या गिरणीवर कसल्या कसल्या तपासण्या येतात. आम्हाला पोलीस चौकीतही बोलावलं होतं.

"तुमचा नेता कोण?" साहेबांनी विचारलं.

"होता एक," वहिनी म्हणाली. "गेला तिकडं."

साहेब माझ्याकडे वळले. "आपण तर शिकलेल्या दिसता. अशा गर्दीने काही बदलतं का?"

"गर्दीचा नेता विकत घेता येतो, साहेब," मी म्हटलं. "सगळी गर्दी घ्यायला शेठला अजून जमलेलं नाही. त्यांना जमेपर्यंत आम्हाला वेळ आहे."

आता शेठला शाळेमागचं खेळाचं मैदान क्लबहाउससाठी हवंय. त्याने भोवती पत्रे ठोकलेत. दर रविवारी आम्ही त्या पत्र्यांना पाठ लावून बसतो. कुणी भेळ आणतं, कुणी मुलांचा अभ्यास घेतं. परवा शेठचा माणूस गाडीतून उतरला आणि म्हणाला, "किती रविवार बसणार अशा?"

वहिनीने मान वळवून पत्र्याकडे पाहिलं.

"हे गंजेपर्यंत," ती म्हणाली.