भाऊजींचं साउंड कार्ड

सरळ हाताशी आलेली वस्तू माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांना, आयुष्यात कधी गोड लागली नाही. नवा पाणीपंप पहिल्याच दिवशी सुरळीत चालला, तर ते नाराज होऊन तो खोलायला बसत. इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या त्यांच्या गावात दोन हजार सालाच्या आसपास पहिला कॉम्प्युटर आला तो त्यांच्याच घरी, धानाच्या पोत्यांशेजारी. मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून त्यांनी त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. सगळं चाललं, फक्त आवाज निघेना. भाऊजींचा चेहरा उजळला.

नागपूरहून आणलेल्या त्या साउंड कार्डावर बनवणाऱ्याचं नावच नव्हतं. त्यामुळे कार्डाची आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ओळख करून देणारा ड्रायव्हर कोणता, हे देवालाच ठाऊक. भाऊजी एकेक ड्रायव्हर निवडत, त्याचं मॉड्यूल कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडमधून घडवायला, लावत आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे चुलीवरच्या दुधाकडे पाहावं तसे बघत बसत. मध्येच लोडशेडिंग होई. अर्धवट काम पुढे रेटणं त्यांना मंजूर नव्हतं. सगळं पुसून, पाय धुऊन, पुन्हा पहिल्यापासून. "विंडोज टाका ना भाऊजी, पाच मिनिटांत आवाज येईल," असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "आवाज तं बकरीबी काढते, बाबू. तो काऊन निघते, हे समजाले पाह्यजे!" कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची ठरलेली वाट, म्हणजे इंटरप्ट, काय असते हे सांगायला त्यांनी मला थेट कालव्यावर नेलं. "हरेक कार्डाले पाण्याची पाळी रायते. माह्या कार्डाच्या पाळीत हा मोडेम पाणी वळवून राहिला!"

इथवर ठीक होतं. पण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात विजेचा कडकडाट आपण कॉम्प्युटरमधून काढू, असं त्यांनी गावाला कबूल केलं, आणि मंडळींनी पत्रा वाजवणाऱ्याला त्या वर्षी रजाच देऊन टाकली. दुपारी शाळेच्या पटांगणात नाटक उभं राहिलं. ऋषींनी राजाला शाप देऊन हात वर केला. सगळे कान टवकारून बसले. विंगेतून भाऊजींचा आवाज आला, "थांबा बे, मॉड्यूल बनून राहिलं!"

ऋषी हात तसाच धरून उभे राहिले. राजा बराच वेळ थरथरला, मग दमून खाली बसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. अखेर कडकडाट झाला. पण कार्डाला पाळी चुकीची मिळालेली, त्यामुळे आवाजाचा पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला: कड्-कड्-कड्-कड्. थांबेचना! राजा उठून त्या तालावर थरथरायला लागला, ऋषीही मान डोलवू लागले, आणि पटांगण टाळ्यांनी दणाणलं. माझ्याशेजारी ताई पदरात तोंड खुपसून बसली होती; हसतेय की रडतेय, कळेना. तेवढ्यात भाऊजी धावत स्टेजवर आले. "ओळखलं! कार्डाले ओळखलं!" म्हणत त्यांनी शापित राजालाच मिठी मारली.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला, नवं लिनक्स घातलं. मी तेव्हा तिथेच होतो. सुरू होताक्षणी त्यातून एक गोड सूर निघाला. काही निवडायचं नाही, काही कंपाइल करायचं नाही. भाऊजी कीबोर्डावर बोटं ठेवून तसेच बसून राहिले.

"अजी, असे गप काऊन?" ताईनं आतून विचारलं. "आवाज तं येऊन राहिला ना?"

"येऊन राहिला," भाऊजी म्हणाले. "पण मले काही विचारलंच नाही वो त्यानं."