आधी मांडव, मग मशीन

क्रेन गेटाबाहेर उभी होती आणि गेटात मांडव होता.

"अण्णा, मांडव काढा. क्रेनचा हात आत येत नाही," मी म्हणालो.

"काढायचा कसा, शिंदेसाहेब? डेकोरेशनवाल्याकडं ह्यो एकच दिवस मोकळा हुता. आता लगीनसराई संपल्याबिगर त्यो हिकडं फिरकत न्हाय."

"मग मशीन आत जायचं कसं?"

"ते तुम्ही बगा की. त्यासाठीच तर तुमाला आणलंय."

हे मला आयुष्यभर ऐकावं लागलं आहे. माझा धंदा मोठी मशीन हलवायचा आणि बसवायचा. एका कारखान्यातून उचलायचं, दुसऱ्यात नेऊन उभं करायचं. नवीन मशीन माझ्या वाट्याला क्वचित येतं, कारण त्याच्याबरोबर कंपनीची टायवाली पोरं येतात. माझ्याकडे येतात ती जुनी धुडं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी आणि वर्कशॉपवाल्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या हातची म्हणून घेतलेली. त्यांची कागदं नसतात, मॅन्युअल नसतं, कधी कधी पायाचे बोल्टसुद्धा नसतात. मला ती आवडतात. माणसांचं तसं नाही.

सुकुमार अण्णा कबनूरचे. वडिलांपासूनचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. ते सगळे भंगारात गेल्यावर अण्णांनी ठरवलं, आता लाकडाचा धंदा करायचा. फाउंड्रीतला माल बाहेर पाठवायला लाकडी खोकी आणि पॅलेट लागतात, मागणी पक्की. त्यासाठी त्यांनी कर्नाटकातल्या एका बंद पडलेल्या सॉ मिलमधून जुना बँडसॉ घेतला. बँडसॉ म्हणजे लाकूड कापायची पट्ट्याची करवत. एकावर एक दोन मोठी चाकं, पुरुषभर उंचीची. त्यांच्यावरून पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं एक लांबलचक पोलादी पातं फिरतं. पट्ट्याला दात नसतात, याला असतात. खालचं चाक जमिनीतल्या खड्ड्यात असतं आणि ओंडका ट्रॉलीवरून पात्यावर येतो.

मशीन चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर लोक वेगळं बोलले. मी स्वतः तिथे जाऊन पाहिलं होतं. चाकांवर हातोडीने ठोकून पाहिलं होतं. तडा असेल तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बद्द वाजतं; हे खणखणीत वाजलं होतं.

असं मशीन नुसतं जमिनीवर ठेवून चालत नाही. आधी काँक्रीटचा पाया, त्यात बोल्टसाठी भोकं. मशीन पायावर टेकवायचं, पाचरी मारून लेव्हल करायचं, मग भोकांत आणि बैठकीखाली ग्राउट ओतायचं. ग्राउट म्हणजे सिमेंटचंच पातळ, पण आकसत नाही असं मिश्रण. ते घट्ट झालं की बोल्ट आवळायचे. मगच मशीन चालू. ग्राउटला मी आठवडा देतो. घाईत असलेला माणूस कमी देतो. शहाणा माणूस जास्त देतो.

उद्घाटनाच्या कार्यक्रमाला आठवडाच उरला होता. अक्षय्य तृतीया. पंचांगात सगळा दिवस चांगला, पण खरा मुहूर्त दादांच्या पीएने काढला होता. दादा म्हणजे तिकडचे पुढारी. त्यांना सकाळी दोन लग्नं आणि एक बारसं होतं, त्यानंतर आमचा बँडसॉ.

क्रेन परत पाठवली. मांडववाल्याला फोन करून करून अण्णांचा घसा बसला, तेव्हा कुठे त्याने पुढचे चार खांब काढायला माणूस पाठवला. तोवर आठवडा संपत आला होता. मशीन पायावर टेकलं, लेव्हल झालं, आणि ग्राउट ओतलं ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. मांडवाने माझा आठवडा खाल्ला.

मी अण्णांना पायापाशी नेलं. ग्राउटवर बोट दाबून दाखवलं. ठसा उठला.

"हे उद्या चालवायचं नाही. बोल्ट नुसते उभे आहेत, धरलेले नाहीत."

अण्णा घामाघूम झाले. "साहेब, चारशे पानं उठायची हायीत. दादा बटन दाबणार. काय तरी करा की ओ."

खरं तर मी तेव्हाच गाडी काढून कोल्हापूरला यायला हवं होतं. पण अण्णांचं तोंड बघवेना. लूम गेले तेव्हा हा माणूस महिनाभर घराबाहेर पडला नव्हता, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं. मी एक तोड काढली. मोटर आणि चाक यांच्यामध्ये व्ही-बेल्ट असतात. ते काढायचे. दादांनी हिरवं बटन दाबलं की मोटर घुमेल, चाक हलणार नाही. टाळ्या, फोटो, जेवण. पातं शोभेला चढवून ठेवायचं. मशीनला हार घातला की कोणाला काय कळतंय?

अण्णांनी माझे हात धरले. मी बेल्ट काढले आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं.

हे सगळं तानाजी बघत होता. तानाजी मशीन चालवणारा. कोल्हापूरच्या एका वखारीत त्याची पक्की नोकरी होती, ती सोडून अण्णांच्या शब्दावर आला होता. ओंडका बघून फळ्या किती निघतील ते सांगायचा आणि मग स्वतःच खूश व्हायचा. मला म्हणाला, "बरं केलंसा साहेब. कच्च्या पायावर म्या बी हात घालत न्हाय."

दादा दोन तास उशिरा आले. भटजींनी मंत्र आवरते घेतले होते ते पुन्हा सुरू केले. नारळ फुटला. ड्रोन वरून घोंगावत होता. दादांनी बटन दाबलं, मोटर घुमली, टाळ्या पडल्या. मी सुटकेचा श्वास टाकला.

आणि दादा जागचे हलेनात.

"चाक का फिरंना?"

मी पुढे झालो. "ग्राउट ओलं आहे, साहेब. आठवड्यानं चालू करू."

दादा हसले. "मग मला आठवड्यानं बोलवायचं की!" माणसं हसली. दादा हसले की हसायचंच असतं. मागून कोणीतरी पुस्ती जोडली, "भंगारातनं आणलंय न्हवं, फिरंल कसं?"

अण्णांचा चेहरा मी बघितला. लूम भंगारात घातलेल्या माणसाला तो शब्द कुठे लागला असेल, ते मला कळलं. पण कळून काय उपयोग.

"तानाजी, बेल्ट घाल."

"अण्णा, बेल्ट साहेबांच्या गाडीत हायीत."

"जुनं पोत्यात आल्यात की मशीनबरोबर. त्ये घाल."

तानाजीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हात लावू नकोस."

अण्णा ओरडले, "तू कुणाकडं कामाला हैस रं? त्यांच्याकडं का माझ्याकडं?"

तानाजी पोत्याकडे गेला. वखारीची नोकरी सोडलेला माणूस दुसरं काय करणार होता? मी मेन स्विचसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मला ढकलल्याशिवाय चालू होणार नाही. ढकललं नाही कोणी. दादांच्या दोन माणसांनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात टाकला. "चला काका, जेवून घ्या. उन्हाचं डोस्कं तापतंय." त्या प्रेमाच्या हातांत जोर फार होता. मला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, खुर्चीवर बसवलं आणि माझ्या हातात ताट दिलं. एक जण शेजारीच उभा राहिला, मी जेवतो की नाही ते बघायला.

म्हणून पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं.

चाक फिरायला लागलं तो आवाज चांगला होता. भरदार. मग दादांचा आवाज आला, "आता एक फळी काढ बगू, परसाद म्हणून." मग पात्याचा लाकडावरचा आवाज. तो सुरुवातीला सरळ होता, नंतर थरथरायला लागला. मी ताट टाकून उठलो. बैठक सरकत होती, मला न बघता कळत होतं. खालचं चाक पात्याची वाट सोडत होतं. मग एक दणका, आणि चाबूक ओढावा तसा सपकन आवाज. पातं चाकावरून उतरून तुटलं होतं.

मी पोचलो तेव्हा तानाजी खाली बसला होता. उजवा हात डाव्या हातात धरून. ओरडत नव्हता. चाकाच्या झेंडूच्या हाराकडे बघत होता.

त्याला अण्णांनी स्वतःच्या गाडीत घातलं. कोल्हापूरपर्यंत अण्णा रडत होते, तानाजी त्यांना "हुतंय, अण्णा" म्हणत होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. दादा पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते. खालच्या चाकाला तडा गेला, तशी चाकं आता कोणी ओतत नाही. मी हातोडीने ठोकून बघितलं. बद्द वाजलं.

महिन्याभरात गोष्ट फिरली. शिंद्याने पाया कच्चा केला. शिंद्याने भंगार मशीन गळ्यात मारलं. हे अण्णाच सांगत होते. मी फोन केला, उचलला नाही. मग आठवलं, कार्यक्रमाचं शूटिंग झालं होतं. मी बोललो होतो ते त्यात असणारच. व्हिडिओवाल्याला गाठलं.

"आवाज कुठं राहिलाय साहेब? सगळा उडवून गाणं टाकलंय. लई भारी झालाय, बगा."

बघितलं. भारीच झाला होता. दादा हसतात, मी हात हलवून काहीतरी सांगतो, माणसं हसतात, मागे सनई आणि ढोल. पुढे दोन माणसं माझ्या खांद्यावर हात टाकून मला जेवायला नेतात. बघणाऱ्याला वाटावं, काय मान आहे या म्हाताऱ्याला! तिथेच व्हिडिओ संपतो. संताप इतका आला की त्याचाच मोबाइल त्याच्या डोक्यात घालावा. घातला नाही. चहा पिऊन परत आलो.

परवा बायकोबरोबर जोतिबाला गेलो होतो. पायऱ्यांच्या कडेला मेव्हण्याच्या दुकानात तानाजी बसला होता. नारळ, गुलाल, दवणा. उरलेल्या दोन बोटांत नारळ धरून डाव्या हाताने शेंडी सोलत होता. मला बघून उठला, पाणी दिलं. हाताबद्दल मी विचारलं नाही, त्याने दाखवला नाही.

"अण्णा भेटतात का?"

"येतात की. गेल्या रविवारीच आलते. नव्या धंद्याचा नारळ माझ्याकडनंच न्हेला."

"कसला धंदा?"

"प्रेस का काय घेत्यात म्हणं. ह्येच्या दुप्पट मोठं मशीन. जुनंच हाय, पर दणकट हाय म्हणालं."

"आलं का?"

"न्हाय अजून. पर दादांची तारीख घावलीया. मांडव सांगून आल्यात."

तो हे हसून सांगत होता की कसं, मला कळलं नाही. मी नारळ घेतला. त्याने पैसे घेतले नाहीत.

आता नवीन गिऱ्हाईकाचा फोन आला की मशीन किती टनाचं, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, मांडववाला कधी येणार आहे? बहुतेक जण फोन ठेवून देतात.