हाय आणि नाई

माझा हात आधी चालायचा आणि डोकं मागून. माहेरचं वळणच तसं होतं. आरमोरीकडचं धानाचं घर. बाप बैलांना तुतारी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, टोचायचा ती टोचायचाच, पण रोवणीच्या बायांनी ओळ वाकडी लावली की तीच तुतारी त्यांच्या पाठीवर उतरायची. आई लाटणं फेकून मारायची आणि तिचा नेम चुकलेला मी कधी पाहिला नाही. माझ्या डाव्या भुवईत अजून त्याची खूण आहे. लग्न होईपर्यंत मला वाटायचं, माणसं अशीच बोलतात, अर्धं तोंडानं आणि अर्धं हातानं.

नवरा मात्र मिळाला तो अगदी गरीब गाय. शाळामास्तर, आणि मास्तर असून छडी न उचलणारा. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा त्याची बदली एटापल्लीच्या अलीकडच्या एका गावी झाली. जंगलात वसलेली वीस-बावीस घरं, सगळी गोंडांची. मराठी बोलणारी घरं दोनच, एक आमचं आणि एक जंगल खात्याच्या नाकेदाराचं. बाजाराला जायचं तर अर्धा दिवस चालावं लागे, आणि पावसाळ्यात नाला भरला की तेही बंद.

तिथं प्रत्येक घराला काटक्यांचं कुंपण घातलेली बाडी होती. श्रावण सरता सरता बाडीतला मका डोक्यावर जायचा. कुंपणावर काकडी चढलेली असायची, मक्याच्या ताटांना बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा लोंबायच्या. ज्याला मका हवा त्यानं घरून मीठ घेऊन जायचं, आणि आत जाऊन आपल्या हातानं कणसं तोडायची. बाडीवाली स्वतः तोडून देत नसे. मालकिणीनं आपल्या हातानं तोडून बाहेर दिलं तर बाडी रुसते, असं त्या लोकांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. ही देईल म्हणून मी टोपली पुढे करून उभी, आणि ही तोडेल म्हणून ती माझ्याकडे बघत उभी. बराच वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

पुढे मला ते तोडणं फार आवडायला लागलं. कणीस मुठीत धरून खाली पिरगाळलं की ते मान मोडल्यासारखं कटकन सुटायचं. घरी भांडण झालेलं असलं की मी दुप्पट तोडायचे. मास्तर म्हणायचे, "आज टोपली लईच भरून आणली, माह्यं काही चुकलं का?"

गावाच्या टोकाला होती ती बाडी सगळ्यांत मोठी. तिची मालकीण चाळिशीची विधवा, हाडापेरानं माझ्या दीडपट. तिला मराठी शब्द दोनच येत, हाय आणि नाई. मला गोंडी तेवढीही येत नव्हती. कणसं भरलेली असली की ती कुंपणातल्या वाटेशी येऊन म्हणायची, "हाय." मी मीठ द्यायची आणि आत शिरायची. कणसं नसली की "नाई", आणि मी परत फिरायची. याहून जास्त बोलायची आम्हाला कधी गरज पडली नाही. तिची धानाची बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा, होती एकच, आणि ते धान हाती यायला दिवाळी उजाडायची. तोवर ती आणि तिची आंधळी सासू त्या बाडीवर जगायच्या. मका भाजून, मका उकडून, कण्यांची आंबील करून दोघी दिवस ढकलायच्या. बाडी गेली तर दोघी उपाशी. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

पोळ्यानंतरची गोष्ट. मी आणि नाकेदारीण एकाच सकाळी त्या बाडीत शिरलो. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं. गावात मराठीत बोलायला दोघीच, आणि दोघींचाही राग नाकाच्या शेंड्यावर. एका ताटावर दोन कणसं होती, चांगली हातभर. मी हात घातला.

"ते माह्यं व्हय," ती म्हणाली. "मी कालच पाहून ठेवलं होतं."

"काऊन वं? तुह्या नवऱ्यानं त्याच्यावर हातोडा मारला हाय का?"

नाकेदार सागाच्या लाकडांवर सरकारी हातोड्यानं खूण मारायचा. ते तिला झोंबलं. तिनं हातातलं कणीस माझ्या कपाळावर हाणलं. मी तिच्या अंबाड्याला हात घातला आणि तिला खाली ओढलं. मग काय, आम्ही दोघी त्या मक्यात लोळलो. तिनं माझ्या दंडाचा चावा घेतला, मी तिचं नाक जमिनीवर घासलं. ताटं मोडत होती, बरबटीचे वेल गळ्यात गुंडाळत होते, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. तीन महिन्यांत कोणी मला हात लावला नव्हता की मी कोणाला.

बाडीवाली आली. तिनं एका हातानं माझी मानगूट धरली आणि दुसऱ्या हातानं तिची, आणि दोघींना कुंपणाबाहेर भिरकावलं. वर माझ्या पाठीत एक लाथ. नाकेदारणीलाही बसली असेल, पण मला आठवते ती माझीच. मग ती आत जाऊन मोडलेली ताटं एकेक उचलत बसली. कोवळी, दुधाळ कणसं तिनं वेगळी काढली. ती आता भरणार नव्हती.

मास्तरांनी माझ्या दंडाला हळद लावली आणि म्हणाले, "तिचं दोन दिवसांचं खाणं तुडवलं तुम्ही दोघींनी."

"लाथ मारली तिनं मले."

"बरं केलं," ते म्हणाले. एवढं कठोर ते त्याआधी कधी बोलले नव्हते.

चार-पाच दिवसांनी नाकेदारीण आमच्या दारावरून गेली. डोक्यावर टोपली, टोपलीत त्याच बाडीची कणसं, आणि चाल अशी ठुमकत की मला ती दिसावीच. म्हणजे हिला आत घेतलं! मी दिवसभर धुमसत राहिले. भाकरी करपली, ती मी तव्यासकट अंगणात फेकली.

त्यानंतर काय घडलं ते मला कळलं नव्हतं, कारण मी रुसून कोणाशी बोलत नव्हते. नाकेदारीण कणसं घेऊन गेली आणि दुसऱ्या पहाटे रानडुकरांचा कळप बाडीत घुसला. अर्धी बाडी त्यांनी आडवी केली. उरलेली वाचवायची म्हणून बाडीवालीच्या दिरानं संध्याकाळी सापळा लावला. एक जाड बांबू धनुष्यासारखा वाकवायचा, त्याच्या टोकाला भाल्याचं पातं बांधायचं आणि वाटेवर गुडघ्याच्या खाली एक बारीक वेल आडवी ताणायची. वेलीला धक्का लागला की बांबू सुटतो आणि पातं डुकराच्या कुशीत जातं. रोज उजाडल्यावर तो उतरवून ठेवायचा असतो. उतरवणं फक्त दिराला जमे, आणि सापळा लावला त्याच्या दुसऱ्या सकाळी तो फुटलेला बांध बांधायला बांधीवर गेला होता. म्हणून बाडीवाली उजाडल्यापासून कुंपणातल्या वाटेवर पहारा देत बसली होती, कोणी चुकून आत जाऊ नये म्हणून.

नेमकी त्या सकाळी मी मीठ घेऊन गेले.

मला बघताच ती उठली. दोन्ही हात आडवे करून म्हणाली, "नाई."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पुढची ओळ शाबूत होती. कणसांच्या शेंड्या काळ्या पडलेल्या, दाणे टच्च भरलेले. ही बाई डोळ्यांदेखत खोटं बोलत होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाई? मंग ते काय दिसून राह्यलं? नाकेदारणीले हाय अन् मलेच नाई?"

"नाई! नाई!" ती ओरडली. तिनं मला मागे ढकललं. हातानं जमिनीकडे दाखवून ती गोंडीत भराभर काहीतरी सांगत होती. आता कळतं की ती जिवाच्या आकांतानं सांगत होती. नको, आत जाऊ नको, मरशील. पण तिच्याकडे मराठीत या सगळ्यासाठी एकच शब्द होता, आणि आजवर त्याचा अर्थ आम्हा दोघींत एकच होता, मका नाही. मला दिसत होता तो मका आणि आठवत होती ती लाथ.

मी पदरातलं मूठभर मीठ घेतलं आणि तिच्या डोळ्यांत फेकलं.

ती किंचाळली, डोळे धरून खाली बसली. मी तिच्या बाजूनं आत शिरले आणि पहिल्याच ताटाला हात घातला. एक कणीस तोडलं, दुसरं तोडलं. जिंकल्याचा केवढा आनंद झाला होता, तो आठवला की आजही मला माझीच किळस येते. तिसऱ्यासाठी पाऊल पुढे टाकलं तोच मागून धपधप आवाज आला. ती धावत येत होती, डोळे मिटलेले, हात पुढे केलेले. मी वळून तिला मारायला हात उचलला. तिचा धक्का माझ्या छातीवर बसला आणि मी वाटेच्या बाजूला ताटांत उताणी पडले.

मग बांबू सुटला. आवाज फार मोठा नव्हता.

वेल कुठं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. डोळे उघडे असते तर तिनं पाय उचलला असता. पातं तिच्या मांडीत वरपर्यंत गेलं होतं आणि ती त्याच्यासकट मक्यात बसली होती. एवढं रक्त मी पोळ्यानंतर कापलेल्या बोकडाचंही पाहिलं नव्हतं. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही.

दीर बांधीवरून पळत आला. त्यानं पातं ओढून काढलं, तेव्हा रक्ताची धार माझ्या तोंडावर आली. त्यानं माझ्या लुगड्याचा पदर फाडला, जखमेत कोंबला, माझे दोन्ही हात त्यावर दाबले आणि म्हणाला, "दाब. सोडशील तर तुले इथीच गाडीन."

त्याला मराठी चांगलं येत होतं. त्यानं बैलगाडी जुंपली. मास्तर शाळेतून धावत आले. बाजाराच्या गावी दवाखाना होता, तिथं आधी कोणीतरी पोचून सांगायला हवं होतं, म्हणून ते जंगलाच्या पायवाटेनं पुढे पळाले. गाडीत मी आणि ती. मी दोन्ही तळव्यांवर अंगाचा सगळा भार टाकून तिची मांडी दाबत होते. गाडी खडकावरून आदळली की पदराखालून गरम रक्त बोटांत यायचं. सापळा का लावला, ती सकाळपासून कशासाठी बसली होती, हे सगळं दिरानं मला त्या वाटेवर सांगितलं. बैल हाकता हाकता, पाठमोरा, एकेक वाक्य. मध्येच तो रडायचा आणि मग बैलांना मारायचा.

आणि ती मला मारत होती. निम्म्या वाटेत तिनं डोळे उघडले, लाल, सुजलेले, आणि मला ओळखलं. तिनं मूठ वळली आणि माझ्या तोंडावर मारली. माझा ओठ फुटला. मग दुसरी कानशिलावर. माझे दोन्ही हात जखमेवर होते, मला अडवताही येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मारत होतं आणि मी हात उचलत नव्हते. ती मारत होती आणि गोंडीत शिव्या घालत होती, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. मी म्हणत होते, "मार वं, मार." ती मारत होती तोवर ती जिवंत होती. प्रत्येक गुद्द्याला मला बरं वाटत होतं.

नाल्याला पाणी कमी होतं. गाडी उतरली, चढली. पलीकडे गेल्यावर गुद्दे हलके झाले. मूठ सुटून नुसता पंजा राहिला, माझ्या गालावर लागायचा आणि घसरून खाली पडायचा. मग तो वर येईना.

"मार ना," मी म्हटलं. मग ओरडले, "काऊन थांबली? मार!"

ती माझ्याकडे बघत होती, पण आता मला बघत नव्हती. मी एक हात जखमेवरून काढला. रक्त आलं नाही. मी तिचा हात मनगटाला धरून उचलला आणि माझ्या तोंडावर आपटला. एकदा, दोनदा, जोरानं. तिची बोटं माझ्या फुटलेल्या ओठावर लागायची आणि लोंबत खाली यायची.

दिरानं गाडी थांबवली. मागे न वळता तो म्हणाला, "मास्तरीणबाई, सोडा आता तिले."

मी सोडलं नाही. मी आपली तिच्या हातानं मार खात राहिले.