राणीचं नाणं

आज पार्सलमधून एका रोमन राणीचं नाणं आलं. बोटांना तांब्याचा वास लागला आणि फार वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

माझी बायको सुमन ज्वारीच्या भाकऱ्या थापत होती. तिचे हात पिठाचे, म्हणून मीच नवं नाणं तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

“हा रोमचा सम्राट. लांब सीरियात पाडलंय हे.”

“अन् ह्याची राणी कुटंय?”

“तिचं नाणं वेगळं असतं.”

“म्हंजे दोघं कायम वेगळीच? तिलाबी आणा की!”

मी हसलो. तेव्हा ती थट्टा वाटली होती. आता वाटतं, तिनं माझ्याकडं एवढं एकच नाणं मागितलं होतं.

सुमन जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज, “मिळाली बघ,” म्हणत मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलोच.