तेराव्या वर्षाची मिशी

नोकरी संपली, वर्दी जमा केली, पण हे एक प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. इस्लामपूरच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो.

पेठेतल्या शेंगांच्या वखारीत घरफोडी झाली. राखणदाराच्या डोक्यात पहार बसली आणि तो दवाखान्यात मेला. कोणीतरी मागच्या उंच भिंतीवरून उतरून आतली कडी काढली होती, हे पंचनाम्यात दिसले.

खबऱ्याने तिघे सांगितले. दोघे सख्खे भाऊ, आमच्या ओळखीचे गुन्हेगार. तिसरा नवा.

"लय दांडगा गडी हाय, सायेब. भ्या म्हनून ठावं न्हाई त्येला."

तिघांनाही उसाच्या फडातून उचलले. तिसरा खरोखरच दांडगा निघाला. रुंद छाती, घोगरा आवाज, ओठावर काळी मिशी. हवालदाराने बघूनच वय वीस लिहिले. तो उर्मट उत्तरे द्यायचा, मार खाऊन वर हसायचा. सराईत माणूस कोठडीत हसत नाही, जपून असतो. मला ते खटकले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भाकरी घेऊन आली. तिला बघताच त्या धिप्पाड गड्याने तिच्या पदरात तोंड खुपसले आणि तो हमसून हमसून रडू लागला.

"आवं सायेब, लेकरू हाय त्ये," ती म्हणाली. "तेरावं सरलं न्हाई अजून. नुसतं अंगानं वाडलंय."

हवालदार हसला. मी बेड्या काढायला लावल्या आणि पोराला समोर बसवले. मग तो बोलू लागला.

अकराव्या वर्षीच आवाज फुटला, मिसरूड आले. शाळेत पोरे 'बाप्या' म्हणून चिडवायची. बापाने शाळा सोडवून मोटेवर जुंपले. बरोबरीच्या पोरांच्या आया त्याला खेळात घेऊ देईनात.

"हिरीत उडी टाकावी वाटायचं," तो खाली बघत म्हणाला. मग त्या दोघा भावांनी विडी दिली, शेजारी बसवून घेतले. "त्येनी मला गडी म्हनलं, सायेब. भितीवर तूच चढ म्हनले. न्हाई म्हनलो असतो, तर त्येनीबी पोर म्हनून हाकललं असतं."

पहार थोरल्या भावाने मारली, असे त्याने सांगितले. ती फेकलेली जागाही दाखवली. पंचांसमक्ष ओढ्यातून पहार निघाली. तपास पुरा झाला.

कोर्टात सगळे उलटे फिरले. दोघा भावांनी चांगला वकील दिला आणि पहार पोरानेच मारली असे सांगितले. जागा दाखवणारा तोच होता, ते त्याच्याच अंगावर आले. वयाचा प्रश्न निघाला; ठाण्याच्या कागदावर हवालदाराचे वीसच होते. डॉक्टर म्हणाले, चौदाच्या आतबाहेर असावा, पण खात्रीने सांगता येत नाही. आईचे बोलणे आईचे म्हणून सोडून दिले गेले. मग बापाला विचारले.

"अठरा," बाप म्हणाला.

अटकेच्या थोडे आधी त्याने पोराला पलटणीत घालण्यासाठी भरतीवाल्यांना अठराच सांगितले होते. आता खरे बोललो तर आपल्याच गळ्याशी येईल, ही त्याची भीती. पोराने बापाकडे पाहिले. या वेळी तो रडला नाही.

जज्जसाहेबांनी त्याच्या मिशीकडे पाहून अठरा धरले. भाऊ घरफोडीच्या शिक्षेवर निभावले. हा मोठ्यांच्या तुरुंगात जन्मठेपेवर गेला.

काही वर्षांनी दुसऱ्या तपासासाठी मी त्या पोराच्या गावात गेलो. त्याच्या वर्गातली पोरे चावडीपुढे उभी होती. आता त्यांचेही आवाज घोगरे झाले होते, ओठांवर मिसरूड होते. त्यांना कोणी चिडवत नव्हते, कोणी भिंतीवर चढवत नव्हते. हे पोर जे एकट्याने सोसून बसले, ते यांना वेळेवर आणि सोबतीने आले, एवढाच फरक.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणाचेही वय नुसते बघून लिहू दिले नाही. त्या पोराला त्याचा काही उपयोग झाला नाही.